नुसती पोरं भारी असून कप येत नाही: हॉकी टीमला जिंकायची सवय कशी लावायची

संध्याकाळी हॉकी स्टेडियमच्या बाहेर चहाच्या गाडीवर थांबलं की दर सीझनला तीच चर्चा कानावर पडते, "पोरं तर एक नंबर हायत, मग सेमीलाच कशी काय झोपत्यात?" आणि उत्तरंपण ठरलेली. अंपायर विरोधात होता, टर्फवर पाणी नीट मारलं नव्हतं, आपला सेंटर फॉरवर्ड त्या दिवशी चाललाच नाही, ड्रॉ वाईट पडला. मग पुढच्या वर्षी अजून दोन भारी पोरं टीममध्ये घ्यायची आणि परत सेमीलाच घरी यायचं. हे लिहितोय ते अशाच टीमच्या कॅप्टन, कोच, मॅनेजर लोकांसाठी, म्हणजे ज्यांच्या पोरांचं जिल्ह्यात नाव आहे पण कपाटात सगळ्या रनर-अपच्या ढाली आहेत.

माझं म्हणणं एकच आहे. जिंकणाऱ्या टीमचं बरंचसं आधी ठरलेलं असतंय. बॉल गेला तर कोण धावणार, शॉर्ट कॉर्नर (डीत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात फाउल झाला की गोलवर मारायची ठरलेली संधी) मिळाला तर कुठला डाव टाकणार, एक गडी कार्ड खाऊन बाहेर बसला तर कोण मागं येणार, शेवटच्या पाच मिनिटात एक गोल मागं असलो तर काय करणार. गुणी पण हरणारी टीम हे सगळं मैदानावर ठरवत बसते, दम लागलेला असताना, एकमेकांवर ओरडत. कुस्तीत पैलवान खासबागेत उतरल्यावर डाव शोधत बसत नाही, तालमीत तोच डाव इतका घोटलेला असतो की समोरच्याचा पाय दिसला की हात आपोआप जातो, तेवढं टीमचं झालं पाहिजे.

टॅलेंटचाच प्रश्न असता तर आपल्या देशाच्या टीमचं गणित कधीच जुळलं नसतं. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकला आपण पात्रच झालो नाही, २०१२ ला लंडनला गेलो आणि बारापैकी बारावे आलो. त्या लंडनच्या टीममध्ये गोलकीपर श्रीजेश होता, मनप्रीत पण होता. हेच दोघं टोकियोहून ब्राँझ घेऊन आले, मनप्रीत तर तिथं कॅप्टन होता. आता कुणी म्हणेल तेव्हा पोरं लहान होती, बरोबर आहे, पण स्टिकवर्क काय २०१२ ला कमी होतं का? आणि हे दुखणं फक्त आपलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या पुरुष टीमला जगात सगळे घाबरून असतात, तरी त्यांचं ऑलिम्पिक गोल्ड एकच, २००४ चं. नेदरलँड्सला २००० नंतरचं पुरुषांचं गोल्ड मिळायला २०२४ उजाडावं लागलं, मधे दोनदा फायनल हरले. एवढ्या सिस्टीम असलेल्या देशांना जर असं होतंय तर आपण जरा शांतपणे बसून विचार करायला काय हरकत आहे.

आधी एक वही घ्या

साधी शाळेची वही. मॅचला जो पोरगा जखमी आहे किंवा जो पंधरा-सोळाव्या नंबरला आहे त्याच्या हातात द्या, त्यालाही काम मिळतं. त्यात गोल कुणी मारला ते लिहायचं नाही, ते सगळ्यांना पाठ असतंच. लिहायचं ते असं: आपण बॉल कुठं घालवला आणि घालवणाऱ्यानं पुढं काय केलं, आपण डीमध्ये किती वेळा घुसलो आणि त्यातनं शॉट किंवा शॉर्ट कॉर्नर किती वेळा मिळाला, आणि कुणी अंपायरशी कितव्या मिनिटाला वाद घातला. शेजारी फक्त मिनिट टाकायचं. तीन-चार मॅचची वही भरली की तुम्हाला कोचिंगचा अर्धा अभ्यासक्रम त्यातच सापडेल, कारण भारी पोरांच्या टीमचं दुखणं बहुतेक वेळा तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटापासून दिसायला लागतं आणि आपण सगळे त्या वेळी स्कोअर बघत असतो.

मोबाईलवर शूटिंग करत असाल तर उत्तम, पण कॅमेरा बॉलच्या मागं पळवू नका. गॅलरीत उंचावर एका जागी ठेवा आणि शक्य तितकं मैदान दिसू द्या, कारण चूक बहुतेक वेळा बॉलपासून लांब घडत असते.

बॉल गेल्यावरचे पाच सेकंद

वहीत पहिली गोष्ट हीच दिसणार. डोळ्यासमोर आणा, आपला राइट विंगर, पायात विमान, दोन जणांना चकवलं, प्रेक्षकांतनं शिट्ट्या पडल्या, तिसऱ्यावर गेला आणि त्यानं स्वच्छ बॉल काढून घेतला. आता आपला विंगर काय करतो? कमरेवर हात. अंपायरकडं बघतो, मग दोन्ही हात पसरून "स्टिक मारली की!" तोपर्यंत त्यांच्या फुलबॅकनं एक लांब पास टाकलाय, आपला राइट हाफ वर चढलेला होता त्याची जागा मोकळी, आणि टर्फवर बॉल इतका पळतो की दोन पासात आपल्या डीत. गोल खाल्ल्यावर सगळे गोलकीपरला बोलणार. विंगरला कुणी काही बोलत नाही कारण त्यानं दोघांना चकवलं होतं ना.

यात आपल्या गावाचापण थोडा दोष आहे, खोटं कशाला बोलू. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड, शाहू स्टेडियमवर पेठापेठांची पोरं खेळतात तेव्हा एकानं ड्रिबल काढला की गॅलरी डोक्यावर घेते, तीच नजर घेऊन आपण हॉकीला येतो. मागं पळत येऊन बॉल काढणाऱ्याला कधी कुणी शिट्टी मारलेली ऐकलीय का? मग पोरगं तेच करणार ज्याला शिट्टी पडते.

याच्यावर उपाय सोपा आहे पण रोज करावा लागतो. मैदानाचा चौथा भाग घ्या, पाच विरुद्ध पाच लावा. बॉल गेला की कोचनं मोठ्यानं एक ते पाच मोजायचं. ज्यानं बॉल घालवला त्यानं आणि त्याच्या जवळच्या एकानं त्या पाच आकड्यांत बॉलवाल्यावर दबाव टाकलाच पाहिजे. टाकला नाही तर समोरच्या टीमला फुकट गोल. बॉल परत मिळालाच पाहिजे असं नाही, त्याला मान वर करून लांब पास टाकता आला नाही म्हणजे झालं. आणि पळत जाऊन स्टिक फेकायची नाही, त्यात फाउल होतो नाहीतर तो बाजूनं निघून जातो. स्टिक खाली, अंग तिरकं, त्याला साइडलाइनकडं ढकलायचं, लाइन हा आपला फुकटचा डिफेंडर. पहिला आठवडा पोरं वैतागतात, विशेषतः तुमचा सगळ्यात भारी पोरगा वैतागतो. त्याला सूट दिलीत की बाकीच्या पंधरा जणांना कळलं की नियम कुणासाठी आहे, आणि मग पुढचं काही शिकवायच्या भानगडीत पडू नका.

ह्याच्यातच एक अजून. शिट्टी वाजली की बॉलपासून पाच मीटर मागं व्हायचं, तोंड बंद, नजर बॉलवर. हल्ली फ्री हिट स्वतःच स्वतःला घेऊन पळता येते, त्यामुळं तुम्ही अंपायरला "सर पायाला लागला होता त्याच्या" हे समजावून सांगेपर्यंत तो तुमच्या शेजारनं निघून गेलेला असतो. आणि पाच मीटर मागं गेला नाहीत म्हणून वर कार्डपण.

शॉर्ट कॉर्नर: इथं कप जिंकले जातात

हा भाग जरा सविस्तर लिहितो कारण बरोबरीच्या दोन टीम असल्या की मॅच इथंच फिरते. रिओला २०१६ मध्ये अर्जेंटिनाच्या पुरुषांनी गोल्ड मारलं त्यात गोन्झालो पेइयातच्या ड्रॅग फ्लिकचा (बॉल स्टिकवर ओढत नेऊन गोलकडं फेकायचा शॉट) केवढा वाटा होता. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कॅप्टन हरमनप्रीतनं दहा गोल मारले, बहुतेक शॉर्ट कॉर्नर नाहीतर पेनल्टी स्ट्रोकवर. मोकळ्या खेळात गोल मारायला अकरा जणांचं जुळून यावं लागतं, शॉर्ट कॉर्नरला तिघांचं जुळलं तरी भागतं.

आणि आपल्याकडं नेमकी ह्याच गोष्टीची प्रॅक्टिस शेवटच्या दहा मिनिटात, अंधार पडायला लागल्यावर, हसत खिदळत होते. सगळ्यांना ड्रॅग फ्लिक मारायचाय, इंजेक्ट करायला, म्हणजे गोललाइनवरनं बॉल सोडायला, कुणालाच नको. खरं तर इंजेक्टर हा त्यातला सगळ्यात महत्त्वाचा गडी. त्याचा बॉल उड्या मारत गेला किंवा एक फूट बाजूला गेला की स्टॉपरला हात लांबवावा लागतो, तिथं अर्धा सेकंद जातो आणि तेवढ्यात त्यांचा पहिला रनर, म्हणजे गोलमधनं धावत येणारा डिफेंडर, अंगावर. तेव्हा इंजेक्टर ठरवा, एक मुख्य आणि एक बदली, आणि त्यांना रोज प्रॅक्टिस सुरू व्हायच्या आधी वीस मिनिटं लवकर बोलवा. स्टॉपर आणि मारणारा सोबत. तिघांनी फक्त बॉल सोडायचा, थांबवायचा, मारायचा. गोलकीपर नको, डिफेन्स नको. बॉल स्टॉपरच्या स्टिकवर मेलेला पडला पाहिजे, ते होईपर्यंत नवीन डाव शिकवू नका.

आता ड्रॅग फ्लिकर नाही म्हणून रडणाऱ्या टीमसाठी. शाळा-कॉलेजच्या लेव्हलला खरा ड्रॅग फ्लिकर क्वचितच असतो. पण जोरात हिट मारणारा तर असतो ना? नियम एवढाच की पहिला शॉट हिट असेल तर बॉल गोललाइन ओलांडताना ४६० मिलिमीटरच्या आत पाहिजे, म्हणजे मागच्या फळीला ठोका बसेल एवढ्या उंचीवर. फ्लिकला ही अट नाही. तर खाली, जोरात, गोलकीपरच्या डाव्या पायाशेजारी, आणि एक गडी पोस्टजवळ डिफ्लेक्शनला, एक रिबाउंडला. दुसरा डाव स्लिपचा, स्टॉपरनं थांबवायच्या ऐवजी बाजूला सरकवायचा. बास, दोन डाव पुरेत. सात डाव आणि सातांना सात गुप्त नावं ठेवून मॅचमध्ये एकमेकांकडं बघत बसलेल्या टीम मी बघितल्यात.

कुठला डाव टाकायचा हे एकानंच सांगायचं. अंपायरनं शॉर्ट कॉर्नर दिला की डीच्या टोकावर सहा जणांची गोलमेज परिषद भरते हे बंद करा. मोठ्या मॅचमध्ये तयारीला ४० सेकंदच मिळतात, तुम्ही सवय आत्तापासूनच लावा.

डिफेन्सची बाजू तर अजूनच दुर्लक्षित. कीपर धरून पाच जण, बाकीचे सेंटरलाइनच्या पलीकडं. पहिला रनर सरळ मारणाऱ्याच्या स्टिकवर, दुसरा त्याच्या मागं थोडा बाजूला स्लिपसाठी, तिसरा रिबाउंडला, एक पोस्टवर. ही चार नावं सीझनच्या सुरुवातीला लिहून काढा, प्रत्येकाची बदली पण लिहा, आणि मास्क, हातमोजे, गुडघ्याचं पॅड गोलच्या मागं कुठल्या पिशवीत ठेवायचं तेसुद्धा ठरवा. हसू नका. मास्क सापडेना म्हणून पहिला रनर बदललेला आणि त्यावर गोल पडलेला प्रकार स्थानिक स्पर्धेत होतो. मास्क, गार्ड नसेल तर पोराला रनर म्हणून पळवायचंच नाही, हे पण आधीच ठरवून टाका, त्यात कप-बिप काही नाही, डोळ्याचा प्रश्न आहे.

टोकियोचं ब्राँझ आठवा. जर्मनीविरुद्ध आपण १-३ मागं होतो, ते ५-४ पुढं आलो, आणि अगदी शेवटच्या सेकंदांना जर्मनीला शॉर्ट कॉर्नर मिळाला. श्रीजेशनं अडवला आणि मग तो गोलपोस्टवर जाऊन बसलेला फोटो सगळ्या देशानं बघितला. त्या क्षणी कुणी कुणाला विचारत नव्हतं की तू पळतोस की मी.

कार्ड

आपल्या देशाच्या टीमचा पहिला रनर म्हणजे अमित रोहिदास, या कामात जगात नावाजलेला. पॅरिसच्या क्वार्टर फायनलला ग्रेट ब्रिटनविरुद्ध त्याला सतराव्या मिनिटाला रेड कार्ड मिळालं. ते कार्ड योग्य की अयोग्य यावर अजून वाद घालता येईल, घालायचा तर घाला, पण पुढं काय झालं ते बघा. दहा जण उरलेली सगळी मॅच खेळले, १-१ ला थांबवली, शूटआउट (बरोबरी झाली की एकेकानं एकट्या कीपरसमोर गोल मारायचा) ४-२ नं मारली. दहा जणांत खेळतानाचा आकार विस्कटला नाही. आणि हेही बघा की पुढच्या मॅचला बंदी असल्यामुळं रोहिदास सेमीला नव्हता, ती मॅच जर्मनीनं ३-२ नं काढली आणि त्यांचा पहिला गोल शॉर्ट कॉर्नरवरनंच आला, मारणारा परत पेइयात, जो आता जर्मनीकडनं खेळतो. रोहिदास असता तर थांबला असता असं मी म्हणत नाही, पण कार्डाची किंमत पुढच्या मॅचलापण मोजावी लागते एवढं खरं.

आपल्या लेव्हलला रेड क्वचित, पण ग्रीनची दोन मिनिटं आणि यलोची पाच नाहीतर जास्त मिनिटं ही नेहमीची. आठवड्यातनं एकदा प्रॅक्टिस मॅच चालू असताना, न सांगता, एखाद्याला हात करून बाहेर काढा. कधी सेंटर हाफ काढा, कधी स्टार फॉरवर्ड. पाच मिनिटं दहा जण. कोण मागं येतं, कोण आवाज देतं ते बघा. नियम करून टाका की पुढं एकच गडी ठेवायचा, मधली फळी एकत्र, बॉल आपल्याकडं आला की घाई नाही, साइडला नेऊन वेळ खायचा. आणि अंपायरशी बोलायचं ते फक्त कॅप्टननं, तेही सर म्हणून, तेही एकदा. वहीत ज्याचं नाव वाद घालण्यात तीनदा आलं त्याला पुढच्या मॅचचा पहिला क्वार्टर बेंचवर. बाबा-मामा कोण आहे ते बघू नका.

मागं असताना काय करायचं

२०२३ चा वर्ल्डकप आपल्याकडंच ओडिशात झाला. जर्मनी क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध ०-२ मागं, शेवटच्या काही मिनिटात दोन मारून शूटआउटवर जिंकले. सेमीला ऑस्ट्रेलियाविरुद्ध परत ०-२ मागं, ४-३ नं जिंकले. फायनलला बेल्जियमविरुद्ध परत ०-२, ३-३ केली आणि शूटआउट मारली. एकदा झालं तर नशीब म्हणू, तीनदा सलग कसलं नशीब? आणि त्याच वर्ल्डकपला आपण न्यूझीलंडविरुद्ध ३-१ पुढं होतो, ३-३ झाली, शूटआउटला हरलो आणि क्वार्टर फायनलसुद्धा दिसली नाही. मग त्याच वर्षी टीमसोबत मानसिक तयारीसाठी पॅडी अप्टनला आणलं, आणि ऑगस्टमध्ये चेन्नईला एशियन चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला मलेशियाविरुद्ध हाफटाइमला १-३ मागं असताना ४-३ नं जिंकले. सगळं श्रेय एका माणसाला देणं बरोबर नाही, पण मागं पडल्यावर घाबरायचं नाही ही शिकवायची गोष्ट आहे, रक्तात वगैरे नसते.

आपण पॅडी अप्टन आणू शकत नाही, स्कोअरबोर्ड आणू शकतो. प्रॅक्टिस मॅच नेहमी ०-० पासून का सुरू करायची? बोर्डवर लिहा, "०-१, आठ मिनिटं शिल्लक" आणि शिट्टी वाजवा. दुसऱ्या दिवशी "२-१ पुढं, चार मिनिटं, आपला एक बाहेर". मागं असलेल्या टीमला सांगून ठेवा की पहिली दोन मिनिटं काही वेगळं करायचं नाही, फक्त प्रेस, म्हणजे समोरच्यावर दबाव टाकायची आपली फळी, दहा मीटर वर. भारी पोरांच्या टीम इथंच फसतात, गोल खाल्ला की प्रत्येकाला वाटतं आता मीच फेडतो, आणि बॉल मिळेल तो एकटाच घेऊन पळतो. शेवटच्या दोन मिनिटात कीपर काढून अकरावा फील्डवर घ्यायचा का, कुणाला घ्यायचा, तो कीपरची जागा सोडून पुढं जाणार की मागं थांबणार, हे कोचनं आधी कागदावर लिहिलेलं पाहिजे. कीपरलाही माहीत पाहिजे, नाहीतर तो बिचारा बाहेर येताना पॅड आपटत येतो, त्याला वाटतं आपल्यालाच शिक्षा झाली.

बेंच, आणि ज्याला बाहेर यायचं नसतं तो स्टार

हॉकीत कितीही वेळा बदली करता येते, हे आपल्याला अजून पचलेलं नाही. मोठ्या टीम फॉरवर्डला पाच-सात मिनिटात बाहेर घेतात, पाणी पाजतात, परत सोडतात, म्हणून शेवटच्या क्वार्टरलाही त्यांचा प्रेस तसाच असतो. आपल्याकडं स्टार म्हणजे पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत आतच. त्याला बाहेर बोलावलं तर स्टिक आपटतो. मग तिसऱ्या क्वार्टरला तो चालत असतो आणि बेंचवर ताजं पोरगं बसून नखं खात असतं.

बदल्यांचा कागद मॅचच्या आधी करा. कोण कुणाच्या जागी, कितव्या मिनिटाला, लिहून मॅनेजरच्या हातात. स्कोअर काय आहे यावर तो बदलायचा नाही, दुखापत आणि कार्ड सोडून. सुरुवातीला भांडणं होतील. बाहेर आलेल्यानं आत जाणाऱ्याला एक वाक्य सांगायचं, "त्यांचा लेफ्ट हाफ आत येतोय, लाइन मोकळी आहे" एवढंच, तक्रार नाही. हे एक वाक्य सक्तीचं केलंत की बेंचवर बसलेलंसुद्धा मॅच बघायला लागतं.

सिलेक्शनबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना सगळं माहीत आहे. एवढंच की अकरा सगळ्यात भारी पोरं निवडली म्हणजे टीम होत नाही. पोस्टवर उभं राहणारा, इंजेक्ट करणारा, समोरच्याच्या प्लेमेकरला साठ मिनिटं चिकटून बसणारा, ही कामं ज्याला आवडतात त्याला घ्या आणि कामाचं नाव घेऊन घ्या. बेल्जियम १९७६ नंतर थेट २००८ ला ऑलिम्पिकला दिसलं, मग २०१६ ला सिल्व्हर, २०१८ ला वर्ल्डकप, टोकियोला गोल्ड. त्यातले बरेच खेळाडू वर्षानुवर्षं एकत्र खेळत आले होते. आपल्याकडं दर स्पर्धेला टीम नवीन, मग ठरवलेलं पाठ व्हायचं कधी? गाभ्यातले आठ-नऊ जण दोन सीझन तरी हलवू नका.

इंग्लंडच्या पोरी २०१४ च्या वर्ल्डकपला बारात अकराव्या आल्या होत्या. दोन वर्षांनी रिओला ग्रेट ब्रिटन म्हणून, त्यातल्याच कितीतरी जणी खेळल्या आणि गोल्ड घेऊन आल्या, फायनलला नेदरलँड्ससारख्या टीमला शूटआउटला हरवून. त्यांची कीपर मॅडी हिंच हिनं समोरच्या खेळाडू काय करतात याच्या नोंदी वहीत ठेवल्या होत्या, आणि त्या शूटआउटला एकही गोल जाऊ दिला नाही. आमच्या वहीला हसणाऱ्यांना हे सांगत जा.

टर्फ मिळत नाही तेव्हा

१९७६ ला माँट्रिअलला ऑलिम्पिक हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर झाली आणि आपण सातवे आलो, १९२८ पासून प्रत्येक ऑलिम्पिकला हॉकीचं पदक आणणारा देश. म्हणजे मैदानाचा फरक पडतो, नाकारण्यात अर्थ नाही. कोल्हापूरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर सगळ्यांना रोज वेळ मिळणं शक्य नाही आणि तालुक्याच्या पोरांना तर येण्याजाण्यातच दिवस जातो. तेव्हा टर्फचा वेळ मिळाला की तिथं रनिंग, वॉर्मअपचे राउंड, लेक्चर यात घालवू नका. ते बाहेर करून या. टर्फवर फक्त तीन गोष्टी: शॉर्ट कॉर्नर, लांब पास थांबवणं आणि प्रेस, कारण या तीन गोष्टी मातीवर खोट्या होतात. बॉल गेल्यावरचे पाच सेकंद, दहा जणांचा आकार, स्कोअरबोर्डचा खेळ हे सगळं मुरमाच्या मैदानावर चालतं.

पावसाळ्यात तर आपल्याकडं जून ते सप्टेंबर मैदानाचं तळं होतं. त्या दिवसात शाळेच्या व्हरांड्यात नाहीतर बास्केटबॉलच्या काँक्रीट कोर्टवर शूटआउट घोटा. बॉल २३ मीटरच्या लाइनवरनं सुरू होतो, आठ सेकंद, समोर एकटा कीपर. तेवढी जागा नसेल तर अंतर कमी करा आणि पाच-सहा सेकंद द्या. मोबाईलचा टायमर लावा, आवाज मोठा ठेवा. आधी पोरांना जिना चारदा चढवून-उतरवून आणा, मगच बॉल द्या, कारण मॅचमध्ये ताज्या पायानं कुणी शूटआउट घेत नाही. प्रत्येकानं आपली एकच चाल पक्की करायची आणि एक बदली, कीपर पुढं आला तर काय आणि थांबला तर काय. कोण कुठली चाल करतो आणि किती वेळा जमली ते वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी त्याच पानावरनं पाच नावं, त्यांचा क्रम आणि सडन डेथसाठी पुढची तीन नावं काढा, सगळ्यांसमोर वाचून दाखवा, आणि तो कागद मॅनेजरच्या खिशात ठेवा, कोचच्या नको, कोच त्या वेळी हमखास क्रम बदलायला जातो.